नरसक्कांचं बीपी का उतरायचं

गेल्या महिन्यात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवतच नाहीये…

शिलाईवरच्या आमच्या नरसक्का दुपारी मशीनवरून उठल्या आणि कोसळल्या! कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी कॉफीला पळालं. मी म्हटलं, आधी आडवं ठेवा, पाय उंच करा…

शुद्धीवर आल्या तशा म्हणाल्या, "मालक, घरी बसवू नका. मी बरी हाय की!" घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. महिनाभर चक्कर लपवत होत्या, हे तेव्हा कळलं.

त्यांना आणि शेजारच्या मशीनवरच्या पद्माला गाडीत घालून थेट डॉक्टरांकडे गेलो. झोपवून बीपी मोजलं, मग उभं करून… उभं राहिलं की धाडकन खाली! रक्त तपासलं, ते ठीक.

"दिवसात पाणी किती पिता?"

"सकाळी एक तांब्या. मग घरी गेल्यावर."

"आपल्या सोलापूरच्या उन्हात? का हो?"

अक्का पद्माच्या कानाशी तेलुगूत पुटपुटल्या… मालकासमोर कसं सांगू, संडासाला आतून कडी न्हाय, अन् दाराशीच गडी चहा पीत उभे असतात.

त्यांना वाटलं, मला काय कळतंय! अहो, मी धंदा शिकलो तोच तेलुगू विणकरांच्या हातमागावर. शब्द न शब्द कळला… आणि मान खाली गेली. चौदा बायका माझ्याकडे, सगळ्या तहान मारून शिवत होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं, दिवसभर थोडं थोडं पाणी, जेवण चुकवायचं नाही, उठताना सावकाश. मीठ मात्र मनानं वाढवायचं नाही, विचारूनच.

त्याच संध्याकाळी कडी बसवली, चहाची टपरी पुढच्या फाटकाशी हलवली. बायकांसाठी वेगळा संडास आठवड्यात उभा केला.

आणि काल! उभं करून मोजलं तरी अक्कांचं बीपी जागच्या जागी! डॉक्टर खूश, मी तर दवाखान्यातच टाळी वाजवली…

कारखान्यात आल्यावर मी ऐटीत विचारलं, "काय अक्का, आता कसं?"

"बेस हाय. पण मालक, चौदा बायकांना एक? लई रांग लागती. अजून एक बांधा की!"

सगळा कारखाना हसला. मी गवंड्याला तिथूनच फोन लावला… अक्का, चारचौघांत असं मोठ्यानं मागितलंत, त्याबद्दल मनापासून आभार.