कान कोणी भरले

जेवताना स्टीलच्या वाटीत चमचा खरवडला की जो आवाज होतो, त्याचं कोणालाच काही वाटत नाही. लोक तळाचं वरण खरवडतात आणि वर हसून गप्पाही मारतात. मला तो आवाज दातांच्या मुळाशी लागतो. एक चमचा चालतो. दोन चालतात. पण चमचा, वर पंख्याची कटकट, बाहेर मागे येणाऱ्या ट्रकची पीं-पीं, मानेला टोचणारी नव्या ब्लाऊजची शिवण आणि करपलेली फोडणी, हे सगळं एकदम आलं की माझ्या डोक्यात जागा उरत नाही. मग कोणी मायेने पाठीवर हात ठेवला तरी तो झटकावासा वाटतो. मी झटकलेलाही आहे. त्याचंच हे सांगते आहे.

माझं माहेर नागभीडच्या बाजूचं, धानाच्या पट्ट्यातलं. आमच्या घरात माझ्या या अवस्थेला एक शब्द होता आणि तो मीच काढला होता. चार-पाच वर्षांची असेन. अंगणात धानाचं मळणीयंत्र धडधडायला लागलं की मी कानांवर हात दाबून आईकडे धावायचे आणि ओरडायचे, "माहे कान भरले!" पाण्याची गुंड, म्हणजे घागर, काठोकाठ भरते, मग वरून एक थेंबही मावत नाही, तसं मला म्हणायचं असायचं. आईने कधी विचारलं नाही की कान कसे भरतात. ती मला आतल्या खोलीत धानाच्या ढोलीमागे नेऊन बसवायची. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, माणसापेक्षा उंच कोठी. तिच्यामागे अंधार होता, गार भुई होती आणि धानाचा कोंदट वास होता. अर्ध्या तासाने मी आपली आपण बाहेर यायचे आणि कोणी काही विचारायचं नाही. मी कॉलेजात गेले तरी भाऊ टीव्हीचा आवाज वाढवण्याआधी माझ्याकडे बघून विचारायचा, "भरले का?"

बाकीच्या जगात कान भरण्याचा अर्थ काय, हे मला शाळेत वाक्प्रचारांच्या यादीत कळलं. कान भरणे, म्हणजे चहाड्या करून एखाद्याविषयी मन कलुषित करणे. वाक्यात उपयोग करा. मी घरी येऊन आईला ते वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी खूप हसलो.

लग्न होऊन राजुऱ्याला आले. टिनाचं छप्पर, समोर मोठा रस्ता, त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की फळीवरच्या डब्यांची झाकणं थरथरायची, आणि जेवणारी माणसं घास न थांबवता जेवत राहायची. तिथे आवाजाबद्दल कुरकुर करणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं होतं. सासूबाईंना तर चूलसुद्धा गरजून पेटवायची सवय. नवी सून डोक्याने अधू निघाली असं कोणी म्हणू नये, म्हणून मी कोणालाच काही सांगितलं नाही. फार झालं की डोकं दुखतं म्हणायचे. वर्षभरात घरातल्या सगळ्यांनी माझ्यासाठी डोकेदुखीवरचे चौदा-पंधरा उपाय सुचवले आणि मी ते सगळे मुकाट्याने लावून, पिऊन, हुंगून घेतले.

फक्त थोरल्या जाऊने एकही उपाय सुचवला नाही. ती बघायची. पंधरा दिवसांत तिच्या लक्षात आलं की शिट्टी होण्याआधी मी स्वयंपाकघरातून निघून जाते. मग ती शिट्टी व्हायच्या बेतात कुकर खाली उतरवायला लागली आणि डाळ कच्ची राहिल्याबद्दल सासूबाईंची बोलणी खायला लागली. तिच्या हातात डझन-डझन काचेच्या बांगड्या असायच्या. माझ्या शेजारी भाजी चिरायला बसली की ती त्या सगळ्या वर कोपरापर्यंत चढवून घट्ट बसवायची. किणकिण बंद. मी एकदा बघत राहिले तर म्हणाली, "काय पाह्यतं? काचेची बरणी आनली आमच्या घरी, जपा लागते ना वं." माझ्या डोक्यात जागा उरायची नाही तेव्हा ती दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरून जोरात दाबायची. हलका हात मला सहन होत नाही, हे तिला कसं कळलं कोण जाणे. मी तिला बाई म्हणायचे, पण तू म्हणून. माझ्या सख्ख्या बहिणीशीसुद्धा माझं इतकं जमलं नाही.

भासरे, म्हणजे तिचे यजमान, भामरागडकडे आश्रमशाळेत मास्तर होते. ते सुट्टीत यायचे. बाई सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी राजुऱ्यात थांबली आहे, असं सगळे म्हणायचे. पुढे मला वाटायला लागलं की ती थोडीशी माझ्यासाठीही थांबली असावी. तिला विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या राहूनच जातात.

त्या घरात आणखी एक गोष्ट चालू होती. बाई घरातली तूरडाळ लपवून माहेरी धाडते, असं मामेसासूबाईंनी कधीतरी पिल्लू सोडलं होतं. खोटं होतं. पण त्या आल्या की कुजबुज सुरू व्हायची आणि बाई खोलीत शिरली की थांबायची. बाई कणखर होती, सगळ्यांना पुरून उरायची. मात्र मी त्या कुजबुजीत नाही, एवढ्यावर ती निर्धास्त होती. हे मला नंतर कळलं.

नणंदेचं लग्न घरासमोरच होतं. हळदीच्या दिवशी सकाळपासून डीजेच्या पेट्या खिडकीला टेकवून ठेवलेल्या, जनरेटर चालू, आत मिक्सरवर वाटण, पोरांच्या पिपाण्या, प्रत्येकीच्या अंगाला वेगळं अत्तर. माझ्या अंगावर भरजरी साडी, तिची जर कमरेला करवतीसारखी लागत होती. दुपारी मी मागच्या खोलीत जाऊन गाद्यांच्या ढिगाला टेकून बसले. तर तिथे मामेसासूबाई आल्या. माझ्या कानाला तोंड लावून बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. तंबाखूचा वास आणि गरम श्वास एवढंच मला कळत होतं. त्यांचा एक शब्द मला ऐकू आला असेल तर शपथ.

त्या बाहेर पडल्या आणि दारातच त्यांना बाई भेटली. ती माझ्यासाठी ताट वाढून आणत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काऊन वं? तोंड काऊन असं करून राह्यली?"

माझ्या तोंडून माहेरचा शब्द निघाला. इतकी वर्षं सासरी मी तो कधी वापरला नव्हता. "माहे कान भरले."

ती थांबली. "कोनं भरले?"

"सगळ्याईनं," मी म्हटलं. आणि ती जवळ येऊन माझ्या डोक्याला हात लावायला लागली, तर तो हात मी झटकला. "तू जाय बाई इथून. जाय."

तिने ताट खाली ठेवलं. त्याचा जराही आवाज होऊ दिला नाही. आणि ती गेली.

मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. दोन-तीन आठवड्यांनी नवरा म्हणाला, "वहिनी म्हणते, मामीनं तुहे कान भरले. भांडलात का काय दोघी?" तेव्हा मला शाळेतली ती यादी आठवली आणि या वेळी हसू आलं नाही. त्याच पावली जाऊन मी बाईला सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ती दोन वाक्यं सांगायची तर बाकीचंही सांगावं लागणार: डोकेदुखी खोटी होती, चमच्याचा आवाज मला सोसत नाही, डीजे लागला की मला अंधारात बसावं लागतं. ते घरभर होणार आणि मी येडी ठरणार. आज सांगू, उद्या सांगू करत मी स्वतःची अब्रू सांभाळत बसले. माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती विचाराल तर हीच. हात झटकला ते नव्हे. तो नकळत झटकला गेला.

जूनमध्ये शाळा उघडली आणि बाई सामान बांधून भासऱ्यांसोबत भामरागडला गेली. सासूबाईंनी आदळआपट केली, तिने ऐकलं नाही. दिवाळीला आली तेव्हा मला "तुम्ही" म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या." इतक्या आदराने मला आयुष्यात कोणी दुखवलेलं नाही. त्यानंतर दर दिवाळीला दोन दिवस यायची. भाजी चिरायला माझ्या शेजारी बसायची नाही. पावसाळ्यात तिकडचे रस्ते पाण्याखाली जायचे, फोन लागायचा नाही, आणि मला वाईट वाटायचं त्यात थोडी सुटकाही असायची, की आता दोन महिने तरी फोन न करण्याला कारण आहे. सासूबाई वारल्या तेव्हा ती तेरा दिवस राहिली आणि माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. राजुऱ्याच्या त्या घरात आता कुकर बिनधास्त शिट्ट्या मारतो. मला तिच्या त्या कच्च्या डाळीची इतकी आठवण यायची की कधीकधी मी ती मुद्दाम कच्ची उतरवायचे. नवरा खायचा नाही.

मागच्या वर्षी जानेवारीत मुलीच्या शाळेत एक डॉक्टर बोलायला आल्या होत्या. काही मुलं आवाज झाला की कान झाकतात, कपड्यांची शिवण टोचते म्हणून रडतात, ती हट्टी नसतात, असं त्या पालकांना समजावत होत्या. बाकीच्या आया मोबाईल बघत होत्या आणि मी मागच्या बाकावर पदराने डोळे पुसत होते. माझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत, हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं. त्याच जानेवारीत मी नवऱ्याला सांगितलं की मी बाईकडे जाऊन येते, एकटी.

एसटीच्या खिडकीची काच आलापल्लीपर्यंत कानाशी खडखडत होती, आणि पुढच्या बाकावरचा माणूस मोबाईलवर एकच गाणं पुन्हापुन्हा लावत होता. कानांत कापूस कोंबून मी मनात वाक्यं जुळवत होते. आलापल्लीला गाडी बदलली. पुढे जंगल लागलं आणि प्रवासी कमी झाले. भामरागडला उतरल्यावर मी कानांतला कापूस काढला.

बाई अंगणात तांदूळ पाखडत होती. घरात टीव्ही एवढ्या मोठ्याने चालू होता की मी फाटकातच थबकले. ती म्हणाली, "या, या. बसा." भासरे शाळेत गेले होते. मी बसले आणि वाटेत जुळवलेली वाक्यं बोलायला लागले. ती माझ्या ओठांकडे बघत होती. मग म्हणाली, "मोठ्यानं बोला. मले आता ऐकू येत नाई."

दोन वर्षांपासून हळूहळू गेलं होतं. मागच्या दोन दिवाळ्यांना ती गप्प होती त्यातलं किती रागाचं आणि किती न ऐकू येण्याचं, हे आता कोण सांगणार? भासऱ्यांनी चंद्रपूरहून कानाची मशीन आणून दिली होती, पण ती डबीत पडून होती. "काय सांगू," ती म्हणाली, "मशीन लावली का सूप पाखडलं तरी छप्पर पडल्यावानी वाटते. कोंबडे, पंखा, माहंच पाऊल, सगळंच आंगावर येते. पह्यल्या दिवशी तं मी रडली."

"तसंच!" मी ओरडले. "मले लहानपनापासून तसंच होते, बाई!"

"काय?"

मी पुन्हा ओरडले. माझ्याच आवाजाने माझं डोकं ठणकलं. शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. हे सगळं असं गावाला ऐकवत सांगायचं मला होईना, आणि मी रडायला लागले.

बाई उठली. तिने आत जाऊन टीव्ही बंद केला, डबीतून मशीन काढली आणि तोंड वाकडं करत कानात बसवली. मला आत बोलावून दार लावलं. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बोल. हळू बोल."

मी सगळं सांगितलं. मळणीयंत्र, आईला सांगितलेला तो शब्द, हळदीचा दिवस. ती मधूनच डोळे मिटत होती, माझं कुजबुजणंही तिला लागत असावं.

"मंग मामीनं काय सांगितलं होतं?"

"मले ऐकूच नाई आलं, बाई."

"बाकीच्याईचं मले काईच नोयतं," ती म्हणाली. "पन तू जाय म्हनली. मले वाटलं, तुलेच मी नोको झाली." मग तिने विचारलं, "एवढे वर्षं काऊन नाई सांगितलं?"

"येडी म्हनसान म्हून."

"म्हटलंच असतं," ती म्हणाली. "येडी म्हटलं असतं आन् जवळ ठेवलं असतं."

मी तिचा हात धरला. पुढच्या वर्षी भासरे निवृत्त होणार होते. मी म्हटलं, "मंग चाल ना बाई राजुऱ्याले. खोली तशीच आहे तुही."

तिने बंद दाराकडे पाहिलं. बाहेर तिचं अंगण होतं, कोंबड्या होत्या, तांदूळ तसेच सुपात पडले होते. "आता कशाले वं?" ती म्हणाली. "सासू गेली, नणंद तिच्या घरी गेली. तिथी आता माहं कोन आहे?"

"मी आहे," मी म्हटलं.

तिने हात सोडवून घेतला आणि बांगड्या वर कोपरापर्यंत चढवून घट्ट बसवल्या. मशीन अजून कानातच होती. तिला ऐकू आलं होतं.