सावकाशकाकांचं रिव्हॉल्व्हर

सावकाशकाका रिव्हॉल्व्हर भरायला बसले की बाकीच्यांनी डबा उघडून निवांत पोळीभाजी खाऊन घ्यावी. फिरत्या सिलिंडरच्या एकेका घरात मोजून बंदुकीची दारू, मग शिशाची गोळी दाबून घट्ट, वर ग्रीसचा लेप आणि शेवटी मागच्या बाजूला ठिणगी पाडणाऱ्या तांब्याच्या इवल्याशा टोप्या. प्रत्येक टोपी बसवताना काका श्वास रोखून धरायचे. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर लोकांचे एक्स-रे काढले होते. दुसऱ्यांना "हलू नका, श्वास धरा" सांगता सांगता ती सवय त्यांनाच जडली असावी. कुणी घाई केली की त्यांचा एकच शब्द, "सावकाश." त्यांचं खरं नाव तिथल्या मराठी मंडळाच्या यादीत होतं, कुणाच्या तोंडी नव्हतं.

मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी नवीनच आले होते. मंडळाच्या गणपतीत काकांनी विचारलं, "अगं, रविवारी काय करतेस?" मी म्हटलं, "लाँड्री." "मग चल," म्हणाले आणि शहराबाहेरच्या जुन्या खाणीतल्या शूटिंग क्लबवर घेऊन गेले. त्या दारूचा धूर पहिल्यांदा नाकात गेला, दिवाळीच्या सकाळचा वास आला आणि मी तिथलीच झाले. काका विधुर, मूलबाळ नाही. हे रिव्हॉल्व्हर पुढेमागे माझ्याकडेच येणार, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. सगळं छान होतं, एक ब्रायन सोडला तर.

ब्रायन म्हणजे काकांचा जुना मित्र. कारखान्यात लेथवर हयात घालवलेला, उंच, अबोल गोरा. दोघं बाकावर शेजारी बसून एकाच फ्लास्कमधला चहा प्यायचे, तासभर एक शब्द न बोलता. काका मला दहा वेळा रागवायचे, त्याला कधी नाही. मला ते बघवायचं नाही. मग मी मुद्दाम मोठ्यानं मराठी सुरू करायची. "काका, लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर काय कोवळी भेंडी आलीये!" काका लगेच माझ्याकडे वळायचे आणि ब्रायन आपला समोरच्या, गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे बघत बसायचा. मला फार बरं वाटायचं.

दसऱ्याला काका शस्त्रपूजा करायचे. रिकामं रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवायचं, झेंडूची फुलं वाहायची. पहिल्या वर्षी त्यांनी पूजा मला करायला सांगितली. मी हळद, कुंकू, अक्षता सढळ हातानं वाहिल्या. पुढच्या रविवारी स्पर्धा होती आणि माझ्या बडबडीत काका तपासायचं विसरले. त्यांची पाळी आली, घोडा पडला आणि नुसताच 'टक्' आवाज झाला. गोळी उशिरानं सुटू शकते, म्हणून नळी बांधाकडे रोखून काका नियमाप्रमाणे थांबून राहिले. स्पर्धा हातची गेली. नंतर ब्रायननं टोपीखालच्या बारीक भोकातून सुईनं तांदळाची कणी काढली आणि तळहातावर धरून मला दाखवली. "नेक्स्ट टाइम, लव्ह, जस्ट द हँडल." मला त्याचा असा राग आला! पुढच्या दसऱ्याला तर त्यानं सिलिंडरची भोकं झाकायला इवली लाकडी बुचं कातून आणली. काका ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटले. माझ्या पुरणपोळीचं एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं.

मग ऑफिसनं मला टेक्सासला पाठवलं. तिथल्या एका दुकानात अगदी काकांच्यासारखंच रिव्हॉल्व्हर होतं आणि शेजारी त्यात बसणारा वेगळा सिलिंडर. जुना काढायचा, हा घालायचा, की आजकालची काडतुसं चालतात. दारू नको, ग्रीस नको, टोप्या नकोत. ब्रायनला हे माहीत नसणार, मला आहे, या आनंदात मी धावत येऊन काकांना सांगितलं.

"मग उरलेल्या दुपारचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "अगं, सरकारची बंदी आली तेव्हा इथली काडतुसांची पिस्तुलं सगळी गेली. ब्रायनचीसुद्धा. रडला होता तो. हे सावकाश आहे, म्हणून उरलंय. तो सिलिंडर इथे बसवला तर छंद संपला, सरळ तुरुंग."

या बंदीचं ब्रायनला माझ्याआधीच माहीत होतं तर. शिवाय तो काकांपुढे रडलाही होता. मी पुरती जळले.

काका आजारी पडले. एक दिवस त्यांनी सांगितलं, रिव्हॉल्व्हर ब्रायनला जाणार, पोलिसांची परवानगीसुद्धा झाली. मी न राहवून म्हणाले, "काका, तो लेथवरचा माणूस. तुमच्यामागे तसला सिलिंडर बनवून बसवेल."

काका खोकत हसले. "त्याला बनवता येतो ना, म्हणून त्याला त्याचं अप्रूप नाही. अप्रूप तुला आहे."

हिवाळा संपायच्या आत काका गेले. मी खाणीवर जाणं सोडलं. दसऱ्याला ब्रायनचा फोन आला, येशील का म्हणून. चुका काढायच्या म्हणूनच मी गेले. त्याच्या जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर रिव्हॉल्व्हर, बुचं जागच्या जागी. झेंडू त्याच्या बागेतला, कुंकू लेस्टरहून आणलेलं. काढायला एकही चूक नव्हती. "यू डू इट," तो म्हणाला. मी फक्त मुठीला कुंकू लावलं.

ब्रायन खिडकीबाहेर बघत होता. "एक विचारू?" इंग्रजीत, चाचरत. "तुम्ही दोघं बोलायचात ना, तुमच्या भाषेत. इतकी वर्षं. काय बोलायचात? मी शेजारी बसून नुसता चहा प्यायचो. आय नेव्हर हॅड दॅट विथ हिम." त्याचे कान लाल झाले होते.

काय बोलायचो आम्ही? कोवळी भेंडी. पोळ्या का फुगत नाहीत. बस्स. सांगून टाकायला मी तोंड उघडलं. पण टेबलावरचं रिव्हॉल्व्हर त्याचं होतं, आणि तो चहाचा फ्लास्कही मागे ओट्यावर दिसत होता.

"प्रायव्हेट होतं, ब्रायन," मी म्हणाले आणि कुंकवाची डबी सावकाश बंद केली.