तेवीस वॅटचा ओव्हन

मी आठवीत शाळा सोडली आणि वीज दहावीत होती.

हे बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. खामगावकडचं गाव सोडून मी नालासोपाऱ्याला, आचोळ्यात ताईकडे राहायला आलो. दाजींनी कामणच्या गोदामात कामाला लावलं, बाल्कनीत गादी घालून दिली. मी त्या गादीचा इतका ऋणी होतो, की तिची घडी रोज दोनदा घालायचो. मग गावाहून दाजींची आई आली. आम्ही त्यांना मोठ्या आई म्हणायचो. लोडाला टेकून त्यांनी मला न्याहाळलं आणि ताईला विचारलं, "हा अजून किती दिवस रायते इथं?"

आपण कामाचे आहोत हे ताबडतोब दाखवायला हवं होतं. रविवारी संधी आली. ताईला सासूसाठी मऊ केक करायचा होता आणि शेजारच्या फिलोमिना आंटींनी मुलाने गल्फहून आणलेला जुना ओव्हन देऊ केला.

"घेऊन जा. पण आधी लोड बघ हां."

"आहे ना. मोठ्या आई त्यालाच टेकून बसल्यात."

आंटी माझ्याकडे बघतच राहिल्या. "वॅट रे बाबा, वॅट."

ओव्हनच्या पाठीवर २३० व्होल्ट आणि १० अँपिअर, बस्स. वॅटचा पत्ता नाही. भाची क्लासला गेलेली. तिचं दहावीचं पुस्तक काढलं आणि चौकटीतलं पहिलंच सूत्र धरलं: व्होल्ट भागिले अँपिअर. तेवीस! (भागाकार मला छान येतो. तेवढाच येतो.)

"ताई, फक्त तेवीस वॅट. बाल्कनीतला बल्बसुद्धा चाळीसचा आहे."

"मग केक भाजेल का रे?"

एवढा शहाणा प्रश्न त्या दिवशी घरात दुसऱ्या कुणाला पडला नाही. मी टीव्हीच्या प्लगमध्ये ओव्हन लावला. फट्! मोठ्या आईंच्या डोक्यावरचा पंखा थांबला.

तेवीस वॅटला उडतो म्हणजे फ्यूजच अशक्त, असं ठरवून मी ओव्हन आंटींकडे नेला. त्यांचाही फ्यूज गेला, फ्रिजमधल्या पापलेटांसकट. आता उरला जिन्यातला सोसायटीचा प्लग. त्याच लाइनवर पाण्याचा पंप होता, आणि टँकरचं पाणी नुकतंच वर चढायला लागलं होतं.

पंप गप्प झाला. चार मजल्यांची दारं उघडली. दाजी डोक्याला साबण लावूनच बाहेर आले.

"काय लावलंस तू?"

"तेवीस वॅट, दाजी."

एवढ्यात भाची क्लासहून आली. माझ्या हातातलं पुस्तक तिने पाहिलं. "मामा, भागलंस होय? भागून रोध मिळतो. तेवीस ओहम. वॅटला गुणायचं असतं. तेवीसशे."

"म्हणजे थोडं चुकलं?"

"शंभर पट."

मी आत जाऊन गादी गुंडाळायला घेतली. मोठ्या आई पदराने वारा घेत होत्या.

"बापू," त्यांनी दाजींना हाक मारली, "याले गावी धाडू नको."

"का गं?"

"तिथं आधीच आठ घंटे लाइट नसते."

मी अजून आचोळ्यातच आहे. लोक घरात आपल्या गुणांमुळे टिकतात. मी भागाकारामुळे टिकलो.