हात लावला नसताना

जुन्या जालन्यात लग्नपत्रिका करून देणारा तो माणूस कॉम्प्युटर सुरू केला की आधी मांडीवर हात ठेवून गप्प बसायचा. गिऱ्हाइकालाही बसवायचा. "कोणी बोट लावू नका. फक्त दिवा पाहा." आतली डिस्क चालली की डब्यावरचा लाल दिवा लुकलुकायचा.

कुणी काही सांगितलेलं नसताना दिवा लुकलुकतच राहिला, की तो मान हलवायचा. "काम सांगितलं न्हाई अन् हा करून राह्यला. आत कोणीतरी घुसलंय." व्हायरस पकडणारा प्रोग्राम होता त्याच्याकडं, पण तो ठरावीक नावंच ओळखायचा. "नाव तर रोज नवं घेऊन येतील, सर. सवय कुठं लपवतील?" असं म्हणून ऐन लग्नसराईत, दारात गर्दी असताना, तो खुशाल मशीन बंद करायचा. मला तो आडमुठा वाटायचा.

मग माझ्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका करायची वेळ आली. मी जातीचा चिकित्सक मास्तर. शाळेच्या छपाईच्या प्रत्येक कामात फुलाच्या वेलबुट्टीवरूनही त्याच्याशी भांडलेला. त्या दिवशी कच्ची पत्रिका पाहून मी म्हणालो, "बराबर आहे. छापा."

त्यानं कागद घेतला नाही. दोन चहा सांगितले आणि कीबोर्ड बाजूला सारला.

"सर, तुमी आज एक बी चूक काढली न्हाई. बसा जरा."

आम्ही दोघं मांडीवर हात ठेवून बसलो. चहा संपता संपता मी म्हणालो, "घर सुनं होईल हो."

त्यानं रिकामे कप बाजूला ठेवले. जरा वेळानं मी कागद पुन्हा उचलला.

"हा गणपती डावीकडं सरकलाय."

तो खुदकन हसला आणि त्यानं कीबोर्ड पुढं ओढला.