लाइन क्लिअर मिळेपर्यंत

वेळेचा जितका विचार आमच्या वरच्या मास्तरांनी केला आहे तितका पंचांग करणाऱ्यांनीही केला नसेल. पंचांगवाले निदान ग्रहांवर भार टाकून मोकळे होतात, मास्तरांना सगळं स्वतःच ठरवावं लागतं. आणि ठरवायचं काय, तर बंद पडलेल्या एका टीव्ही मालिकेच्या पुढच्या गोष्टीचा नवा भाग मोबाइलवर कोणत्या वारी, किती वाजता आणि किती दिवसांच्या अंतरानं टाकायचा. भाग ते दोन दुपारींत लिहून काढतात. तो कधी टाकायचा याचा खल मात्र आठवडाभर चालतो. ‘टाकायचा’ हा शब्दही त्यांना चालत नाही. भाग सोडायचा असतो, गाडी सोडतात तसा.

आमचे वरचे म्हणजे अगदी डोक्यावरचे. कामशेतला स्टेशन रस्त्यावर माझं झेरॉक्स काढायचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत मी राहतो आणि वरच्या खोलीत ते. गावात निम्म्या लोकांना ते शाळामास्तर वाटतात आणि मुलांची शिकवणी घ्याल का म्हणून विचारायला आई-बाप अजून जिना चढतात. ते स्टेशन मास्तर होते. मिरजेकडच्या एकेरी लाइनीवर, जिथं दिवसाकाठी चार गाड्या थांबत आणि बाकीच्या हिरवा बावटा बघून निघून जात, अशा लहान लहान स्टेशनांत त्यांची नोकरी गेली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, “मेल गाड्यांना वाट देता देता आमची गाडी बाजूच्या लाइनीवरच राहिली.” हे ते इतक्यांदा म्हणाले आहेत की मला त्याचं हसू येत नाही आणि त्यांनाही येत नाही.

रिटायर होऊन इथं आल्यावर त्यांना ती मालिका सापडली. तिच्यात अकरा माणसांचं एक घर होतं. भांडखोर, खादाड, एकमेकांच्या ताटात डोकावणारं घर. मास्तर रोज संध्याकाळी साडेसातला आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून त्या घरात जाऊन बसत. एका शनिवारी धाकटी सून रुसून माहेरी निघाली, दाराशी थबकली, आणि सोमवारी त्या जागी नाचाच्या स्पर्धा सुरू झाल्या. ना निरोप, ना शेवट. मास्तरांनी वाहिनीला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मग ते माझ्या दुकानात उतरले आणि म्हणाले, “ती मुलगी उंबऱ्यात उभी आहे. असं कुणाला उभं ठेवतात का?” मालिका संपली तरी चाहत्यांनी आपल्या मनानं तिची गोष्ट पुढं लिहायची, याला फॅन फिक्शन म्हणतात आणि त्यासाठी मोबाइलवर जागा असते, हे त्यांना मीच सांगितलं. ही माझी चूक. तेव्हापासून दोन वर्षं मी त्यांचा टंकलेखक, पोस्टमन आणि रूळ बदलून देणारा पॉइंट्समन आहे.

लिहिणं कागदावर, निळ्या शाईत. वेळापत्रक भिंतीवर. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात असतो तसा तिरप्या रेघांचा तक्ता त्यांनी रंगीत पेन्सिलींनी आखला होता आणि त्यात प्रत्येक भागाची एक रेघ होती. गुरुवार बाद, कारण गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि लोकांचे मोबाइल मेलेले असतात. शनिवार-रविवार बाद, कारण पावसाळ्यात अर्धी मुंबई आणि अख्खं पुणं लोणावळ्याला येतं आणि टॉवरवर इतका ताण पडतो की आमच्याकडं साधा फोटो जाता जात नाही. सोमवारी माणसं वैतागलेली. बुधवार त्यांना उगीचच आवडत नाही. राहिले मंगळवार आणि शुक्रवार. आठवड्यात दोन भाग दिले तर वाचणाऱ्याला अपचन होतं, दहा दिवसांवर गेलं तर आत्याबाई कोणाची आत्या हे तो विसरतो. म्हणून मंगळवार. वेळ दुपारी दोन चाळीस, कारण तोवर घराघरातल्या बायकांची मागची आवराआवर होऊन पाठ टेकलेली असते. गणपतीत गाडी बंद, दिवाळीत एक जादा.

एकदा दाखल्यांच्या गर्दीमुळं मला दुपारीही दुकान उघडं ठेवावं लागलं आणि बटण दाबायला दोन एक्केचाळीस झाले. मास्तरांनी मला पुन्हा आत शिरून भागाच्या माथ्यावर ओळ घालायला लावली: ‘हा भाग एक मिनिट उशिरा सुटला आहे. वाचकांच्या गैरसोयीबद्दल खेद आहे.’ कुणाची काही गैरसोय झाली नव्हती. एका उत्साही वाचकानं ‘सर, रोज टाका, फॉलोअर वाढतील’ असा सल्ला दिला, त्याला मास्तरांनी उत्तर पाठवलं, ‘एकेरी लाइनीची तेवढी क्षमता नाही.’ बिचाऱ्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही.

आम्हा दोघांचा जेवणाचा डबा एकच मावशी आणतात. त्या पवनेच्या बाजूच्या एका वाडीतून जीपनं येतात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मास्तर नवा भाग सुटण्याआधी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. मावशी जिन्यात बसून ऐकायच्या. चौदा भाग झाले तरी सून उंबऱ्यातच होती, कारण मास्तरांना आधी घरातल्या प्रत्येकाची त्यावरची प्रतिक्रिया नीट लिहायची होती. शेवटी मावशी म्हणाल्या, “मास्तर, ती बाई कवाधरनं दारात हुबी हाय. पाय दुकलं आसतील तिचं. तिला आत तरी घ्या.” पंधराव्या भागात सून आत आली. मास्तरांनी मावशींना चिक्कीचा पुडा दिला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एक नियम मास्तरांनी रेल्वेतून जसाच्या तसा उचलून आणला होता, आणि त्यानंच घोटाळा केला. एकेरी लाइनीवर, ‘मागची गाडी पोचली, लाइन मोकळी आहे’ असं पुढच्या स्टेशनानं कळवल्याशिवाय इकडून दुसरी गाडी सोडत नाहीत. त्या होकाराला लाइन क्लिअर म्हणतात. मास्तरांचं पुढचं स्टेशन म्हणजे ‘जाईचा वेल’ असं टोपणनाव घेतलेली एक वाचक होती. कुठली, किती वयाची, काही ठाऊक नाही. पहिल्या भागापासून दर वेळी दोन दिवसांत तिचं उत्तर यायचं: ‘पोचला. पण धाकट्या दिरानं स्कूटर विकली होती ना? मग आज तो कशावरून आला?’ कौतुकाचा शब्द नाही, नुसती चूक काढायची. उत्तर आलं की वरून मास्तरांचं हसू ऐकू यायचं आणि जिन्यातून हाक यायची, “मिळाला.” मग भिंतीवर पुढची रेघ. शंभरेक माणसं वाचत होती. पण मास्तरांच्या लेखी ते सगळे प्रवासी. स्टेशन एकच.

त्रेसष्टावा भाग सुटला आणि जाईच्या वेलाचं उत्तर आलं नाही.

पहिला आठवडा मास्तर म्हणाले, गावाला गेली असेल. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, तिकडं नेटवर्क नसेल. तिसऱ्या आठवड्यात नुसते मोबाइल उघडून बघत राहिले. चौसष्टावा भाग तयार होता, पासष्टावा तयार होता. ते लिहीत राहिले आणि वहीत अकरा भाग एकामागे एक उभे राहिले. खाली वाचक विचारत होते, पुढचा कधी, सर आजारी आहेत का. मी म्हटलं, “सोडून द्या एक. इतकी माणसं थांबली आहेत.” मास्तर म्हणाले, “मागचा पोचल्याचं कळलेलं नाही,” आणि खिडकीकडं बघत बसले. ज्यांना वाचायचं होतं त्यांच्यासाठी लिहिलेलं होतं, तरी माणूस अडून बसला होता, याचा मला मनापासून राग यायचा. दुपारी एक ते चार माझं दुकान बंद असतं. तेवढा वेळ मी वर जाऊन त्यांच्यासमोर बसायचो.

मग एक दिवस मावशी रिकाम्या डब्याऐवजी भरलेला डबा घेऊन खाली आल्या. “आवं भाऊ, भाकर मोडलेली सुदीक न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्या बाईचं कायतरी झालं आसंल. आजारी पडली आसंल, न्हाईतर मोबाईल फुटला आसंल, न्हाईतर गेली आसंल. ह्ये आसं किती दिस बसायचं?” मी म्हटलं, मी बघतो.

मी काय बघितलं, तर जाईचा वेल याच नावानं नवं खातं उघडलं आणि त्रेसष्टाव्या भागाखाली लिहिलं, ‘पोचला. फार सुंदर भाग. पुढचा लवकर येऊ द्या.’ आणि स्वतःवर खूश होऊन कान वरच्या मजल्याकडं लावून बसलो. वरून हसू आलं नाही. दहा मिनिटांनी मास्तर स्वतःच जिना उतरून आले. दुकानात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन माणसं उभी होती. त्यांच्यामधून हात घालून त्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

“हे तुम्ही लिहिलंत.”

मी म्हटलं, “कशावरून?”

“मोठे काका वांगी खात नाहीत. बाराव्या भागापासून खात नाहीत. त्रेसष्टाव्यात मी त्यांना भरली वांगी दोनदा वाढली आहेत. हे तिनं पकडलं नसतं असं होणारच नाही.” त्यांनी मोबाइल पुन्हा उचलला. “लाइन क्लिअर देताना मास्तर एक खासगी नंबर सांगतो, म्हणजे बोलणारा तोच आहे हे कळतं. प्रत्येक भागात मी मुद्दाम एक चूक ठेवतो. ती चूक म्हणजे आमचा नंबर होता.”

मी म्हटलं, तुम्ही जेवत नव्हता म्हणून केलं. त्यांनी ऐकलं नाही. “खोटा लाइन क्लिअर देणारा माणूस मी नोकरीत एकदाच बघितला,” ते म्हणाले. “त्यानंही चांगल्या मनानंच दिला होता.” आणि वर निघून गेले. दाखल्यासाठी आलेल्यांपैकी एकानं मला विचारलं, “रेल्वेचं काय काम करता व्हय तुमी?”

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी ते खोटं खातं त्याच दिवशी पुसून टाकलं होतं, पण हे सांगायलाही त्यांनी दार उघडलं नाही. त्या आठ दिवसांत मला काही नवीनच कळलं. दुपारी एक ते चार हा वेळ फार मोठा असतो, आणि तो त्यांना सोबत म्हणून मी वर घालवतो अशी माझी जी समजूत होती ती तितकी खरी नव्हती.

नवव्या दिवशी गुरुवार होता. वीज गेलेली, यंत्रं बंद, गिऱ्हाईक नाही. मास्तर आले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. म्हणाले, “सगळा संपर्क तुटला, फोन लागेना, पुढच्या स्टेशनावर माणूस आहे की नाही हेही कळेना, तर काय करतात, माहीत आहे? आधी नुसतं इंजिन पाठवतात. मागे डबे नाहीत. शिट्टी वाजवत, दिसेल तेवढंच बघत हळूहळू जायचं आणि विचारायचं की सगळं ठीक आहे ना. त्याला लाइन क्लिअर लागत नाही. आणि वेळापत्रकही लागत नाही.” त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. “हे घाला.”

मी माझ्या मोबाइलवर ते टाइप केलं. वहीतल्या चौसष्टाव्याच्या आधीचा, बिननंबरी भाग, एवढाच: ‘त्या दुपारी घरात कुणी भांडलं नाही. अकरा पानं मांडली होती आणि सगळे थांबले होते. सासूबाई म्हणाल्या, बाहेर गेलेलीनं पुढचं काही ऐकायला यावं अशी आमची घाई नाही. तिच्यावर कुणी रागावलेलंही नाही. फक्त बरी आहेस एवढं कळव.’

यात एकही चूक नव्हती. मी दोनदा वाचलं आणि मला तिसऱ्यांदा वाचवेना. बटण दाबलं तेव्हा किती वाजले होते ते मास्तरांनी पाहिलं नाही.

आम्ही तिथंच बसून राहिलो. अर्ध्या तासानं पहिलं उत्तर आलं. ते जाईच्या वेलाचं नव्हतं. कुणी एक बाई होती, लिहिलं होतं, ‘मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. पण विचारलंत म्हणून सांगते, मी बरी आहे.’ मग दुसरं आलं: ‘मीपण बरी आहे. गुडघा दुखतो.’ मग एका दवाखान्यातल्या नर्सचं, ड्यूटीवरून. मग त्या फॉलोअरवाल्या उत्साही माणसाचं, ‘सर, मी ठीक आहे, तुम्ही कसे आहात?’ संध्याकाळपर्यंत चोवीस जणांनी आपण बरे असल्याचं कळवलं. तो प्रश्न त्या प्रत्येकाला स्वतःलाच विचारलेला वाटला होता. मास्तर एकेक उत्तर मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येकानंतर थोडं थांबत होते. डबे न्यायला आलेल्या मावशी पायरीवर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “येवडी समदी मानसं हुती व्हय तितं?”

जाईचा वेल नव्हता. अजूनही नाही. उभे असलेले भाग आता मंगळवारी एकेक करून सुटतात, आणि ते कुणाच्याही लाइन क्लिअरशिवाय सुटतात. मास्तर हे बोलून दाखवत नाहीत, पण त्यांना ते लागतं. ती बरी असेल का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी खोटं बोललो नाही, माहीत नाही म्हणालो.

पण त्या गुरुवारची गोष्ट राहिली. मावशी जीप पकडायला गेल्या, वीज आली, पंखा फिरायला लागला. मास्तरांनी मोबाइल खिशात ठेवला आणि दुकानाकडं, मागच्या खोलीच्या दाराकडं असं बघितलं की जणू ते प्रथमच दिसत होतं. मग म्हणाले, “तुमच्याकडं दिवसभर कोण असतं हो?”

“गिऱ्हाइकं असतात,” मी म्हटलं.

“गिऱ्हाइकं सोडून.”

दोन वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल काही विचारायची ही पहिलीच वेळ होती. मी पंख्याचा वेग कमी करायला उठलो, कारण उत्तर द्यायला मला थोडा वेळ हवा होता.