आपोआप बोलणारी ताई

"आवाज तुझाच आहे ना, ताई? मग तक्रार कसली?"

"आवाज माझा आहे रे! पण बोलतंय कोण?"

"तूच बोलतेयस की. कान जागेवर आहेत ना?"

"मी इथे तुझ्या नाकासमोर उभी राहून भांडतेय आणि तिकडे मीच म्हणतेय, 'आता ऐकू या एक गोड गाणं!' काही वाटतं का तुला?"

टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून खरोखरच ताईचा आवाज येत होता. हसरा, मोकळा. धाकट्या भावाने घाईघाईने स्पीकर बारीक केला. त्याची बायको चहाचे कप धरून दारात उभी होती. आत यावं की आल्या पावली परत फिरावं, तिला कळेना.

ताई नोकरीभर बस डेपोत गाड्यांची घोषणा करायची. लोक तिला चेहऱ्याने नव्हे, गळ्याने ओळखायचे. दुकानात तिने "अर्धा किलो कांदे" म्हटलं, तरी मागचा माणूस दचकून पिशवी उचलायचा, जणू त्याचीच गाडी लागली. इंजिनांच्या घरघरीत पहिल्यांदा सांगितलेलं कोणालाच ऐकू जात नाही, म्हणून सगळं दोनदा सांगायची तिला सवय. घरातसुद्धा तेच. "जेवायला चला. जेवायला चला."

मग एक साहेब आले. त्यांनी गोड बोलून तिच्याकडून गावांची नावं, आकडे, वेळा सुट्या सुट्या वदवून घेतल्या आणि मशीनला जोडून दिल्या. "आवाज तुमचाच राहणार हं, बाई," म्हणत तिला घरी पाठवलं. त्यानंतर कितीही लांब जायचं असो, ताईने डेपोत पाऊल टाकलं नाही.

भावाचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि संध्याकाळी स्वतःची गाणी रचून गायची. गाणी वाईट नव्हती, पण तो सूर लावायला लागला की पाहुणे घड्याळाकडे बघायला लागायचे. शेवटी त्याने इंटरनेटवर घरबसल्या रेडिओ चालवायचा एक प्रोग्राम उतरवून घेतला. गाणी त्याची, मधे बोलायला ताई. पडद्यावर डावीकडे चालू गाणं, उजवीकडे पुढचं, खाली माईकचं बटण. बटण दाबलं की ते लाल व्हायचं आणि गाणं आपसूक हळू व्हायचं.

"बघ ताई, तू बोललीस की गाणं मान खाली घालतं."

"चला! या घरात कोणीतरी ऐकतं म्हणायचं माझं."

ताई बोलू लागली आणि माणसं जमू लागली. एक ट्रकवाला, एक रात्रपाळीचा कंपाउंडर, घरी बसून शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई. ते खालच्या चौकटीत निरोप लिहायचे. ताई एकेकाचं नाव घेऊन उत्तर द्यायची. "शिलाईवाले, पाठ सरळ कर गं. पाठ सरळ कर." तिकडून लगेच यायचं, "केली, केली!"

मग एकदा ट्रकवाल्याने लिहिलं, "गाणी जरा कमी करा. ताईंना बोलू द्या."

भाऊ ते वाचून मोठ्याने हसला. नको तितक्या मोठ्याने. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बोलण्यात साखर होती. "ताई, तू कधी आजारी पडलीस तर? थोडं रेकॉर्ड करून ठेवू या. गाण्यांची नावं, नमस्कार, आभार, असंच." डेपोतला साहेब परका होता. हा तर पाठचा भाऊ. ताई बसली आणि सगळं बोलली.

आज तिची दाढ ठणकत होती. दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून ती कानात इअरफोन घालून बसली. रेडिओवर तिचाच आवाज लागला. पण काहीतरी चुकत होतं. प्रत्येक गोष्ट एकदाच! भावाने दुसरी वेळ छाटून टाकली होती. तिला हसूच आलं. तेवढ्यात निरोप आला. शिलाईवालीचा.

"ताई, आज सकाळी आई गेली. काहीतरी बोला."

गाणं संपलं, आणि ताईचा आवाज खळखळून म्हणाला, "तुमचे निरोप वाचून फार मजा आली! असेच लिहीत राहा!"

ताईने फोनवर लिहिलं, "ती मी नव्हते गं."

उत्तर आलं, "मग कोण होतं? तुमचा आवाज ओळखते मी."

नंबर सोडून, सुजलेला गाल धरून ती घरी आली. पाहते तर टेबलावर माईक नाही.

"माईक कपाटात ठेवलाय," आता भाऊ सांगत होता. "यापुढे आपोआपच चालू दे."

"ते नंतर बघू. आधी मला तिच्याशी बोलू दे. आत्ता, थेट."

"नको. तू एकदा सुरू झालीस की थांबत नाहीस. पुढे माझं नवं गाणं लागायचंय."

"ट्रकवाल्याने लिहिलं तेव्हापासून पोटात दुखतंय तुझ्या. सांग की सरळ!"

"हो, दुखतंय! रेडिओ मी काढला, गाणी माझी, रात्र रात्र जागलो मी. आणि लोक येतात कोणासाठी? डेपोने काढून टाकलेल्या बाईसाठी!"

"अहो, काय बोलता हे!" वहिनी दारातून म्हणाली.

"तू चहा ठेव आणि जा."

तिने कप ठेवले, पण गेली नाही. पडद्यावर निरोप येत होते. कंपाउंडरने लिहिलं, "हे शोभलं नाही, ताई." ट्रकवाला विचारत होता, "ताई, बोला ना, काय झालं?" ऐकणारे एकेक करून निघून जात होते. ते पाहून भावाचा चेहरा उतरला. त्याने कपाटातून माईक काढला, पुसला आणि तिच्यासमोर धरला. आवाजात पुन्हा तीच साखर.

"हे बघ, ताई. 'माझं चुकलं, मला माफ करा,' एवढंच रेकॉर्ड कर. मी नीट कापून बसवतो. दर अर्ध्या तासाने लागेल. म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचेल."

ताईने माईककडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"बोल ना. एक वाक्य फक्त."

तिने खांद्यावरची पर्स सारखी केली आणि ती वळली. वहिनीने बाजूला होऊन तिला वाट दिली.

"ताई? अगं, कुठे निघालीस? ताई, मी काय म्हणतोय?"

बाहेरचं दार उघडलं आणि लागलं.