आमच्याआधी घर बघून गेलेली

लिंबू आमच्या घरात पोह्यांवर पिळायलाच येतं. दाराला टांगायला आजवर एकही आणलेलं नाही. मी औषधांचं शिक्षण घेतलेली, नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. कुणी "आमच्याकडे असं झालं, तसं झालं" सुरू केलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्हीही हसाल... हसा. पण मग नेमकं काय झालं असेल तेही सांगा. मी खरंच विचारतेय.

आम्ही मुलचेऱ्याला राहायचो. मी, नवरा प्रशांत, पहिलीतली ओवी आणि माझ्या सासूबाई — त्यांना मी आईच म्हणते. आई शेतात, धानाच्या बांधीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले आता बिनधास्त चाला. पण भीती काही गेली नाही. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जायचं आणि परत ओसरीतल्या खुर्चीत. अंगणाच्या पायरीखाली म्हणून त्या उतरल्या नाहीत. दुपारी जेवण झालं की त्याच खुर्चीत डोळा लागायचा, तो थेट चहापर्यंत.

अशात मला चंद्रपूरला एका दवाखान्याच्या मेडिकलमध्ये नोकरी मिळाली. प्रशांतची शाळा मुलचेऱ्याकडेच, म्हणजे तो शनिवार-रविवार येणार. बाकी दिवस मी, ओवी आणि आई. त्यात मला गाडी चालवता येत नाही. स्कूटी शिकायला घेतली होती, एक म्हैस आडवी आली, विषय तिथेच संपला. त्यामुळे माझी अट एकच — सगळं पायी जमलं पाहिजे. शाळा, भाजी, डॉक्टर, माझा दवाखाना. आणि शाळेतून आल्यावर ओवीजवळ कुणीतरी हवं, म्हणजे आई हव्याच.

पण आईंचं एकच पालुपद. "मी कुठी येऊ? मले इथीच राहू दे. तिथी कोन ओळखते मले?"

आम्ही घरं बघायला सुरुवात केली. शहराबाहेरचा एक नवा फ्लॅट दाखवला — लिफ्ट, पार्किंग, बाल्कनीतून दूरवर झुडपं. पण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी काढावी लागणार, आणि रस्त्यावर कोळशाचे ट्रक. दुसरं घर हमरस्त्याला लागून. तिथली पोरं जाळीच्या आतून रस्ता बघत उभी होती, ते बघूनच मी परत फिरले. प्रशांत वैतागला. "तुले घर पाह्यजे का रस्ता?" म्हणाला. मी म्हटलं, "रस्ताच पाहिजे. घर काय, कुठलंही चालेल."

मग कुणीतरी पठाणपुरा गेटच्या आतली एक गल्ली सुचवली. किल्ल्याच्या परकोटाच्या आतली जुनी वस्ती. गल्ली इतकी अरुंद की ट्रक शिरूच शकत नाही. वळणावर शाळा, तिच्यापुढे डॉक्टर, कोपऱ्यावर किराणा, मध्ये कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा आणि ओट्यावर दोन बाया लसूण सोलत बसलेल्या. मी मनातल्या मनात सामान लावायला लागले.

घरमालकीण पद्माबाई, मूळच्या सिरोंचाकडच्या. त्या वरच्या मजल्यावर राहतात, खालच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. बाथरूमला जाताना एक उंच पायरी होती. मी मोबाईलमधला आई आणि ओवीचा फोटो दाखवला. म्हटलं, "या आमच्या सासूबाई. यांना पायरी जमत नाही, तिथे काही करता येईल का?"

पद्माबाईंनी चष्मा वर केला, फोटो जवळ घेतला आणि हसायलाच लागल्या.

"पायरी जमत नाई? ह्याईले? अगं अम्मा, ह्या तर रोज येते इथी! आधीच सांगायचं नं, यायची सून आहो म्हणून!"

मी म्हटलं, तुमची चूक होतेय. त्या म्हणाल्या, "चूक कशी? दुपारी चहाच्या आधी येते, ओट्यावर बसते. नातीसाठी घर पाहून राह्यली म्हणे. पाणी रोज येते का, पोरं कुठी खेळते, सारं विचारून झालं तिचं."

प्रशांत माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, बाईंना घर लवकर द्यायचं असेल, म्हणून काहीतरी बोलतायत. मी एकटीच बाहेर पडून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. गजूभाऊंचं दुकान. मी काहीही न सांगता फक्त फोटो पुढे धरला. "भाऊ, यांना ओळखता का?"

"हाव. आजीबाई." त्यांनी मान वर करून क्षणभरच बघितलं आणि पुन्हा साखर मोजायला लागले. "मले विचारे, इथून शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडा लागते का? म्हटलं नाई लागत. तर म्हणे, बरं झालं. आन् कुत्रे किती आहेत म्हणे गल्लीत. नात भेते म्हणे कुत्र्याले."

ओवी कुत्र्यांना भयंकर घाबरते. हे तिथे कुणाला कसं माहीत असणार? ओवी आमच्याबरोबर आलेलीच नव्हती.

खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती. मी विचारलं, "नातीला काय म्हणत होत्या त्या?"

"चिमी. माही चिमी, माही चिमी."

आमच्या घरी ओवीला सगळे ओवीच म्हणतात. चिमी म्हणणारं माणूस एकच.

परत आले तर पद्माबाई चहा टाकून बसलेल्या. "थांबा थोडं," म्हणाल्या, "येतीलच आता. त्यायची वेळच झाली."

आम्ही थांबलो. दोन शिकलेली माणसं, भर उन्हात, ओट्यावर बसून आपल्याच घरच्या बाईची वाट बघत होतो — जी त्या वेळी कित्येक कोस दूर, मुलचेऱ्यात खुर्चीत बसलेली होती. गल्लीच्या तोंडाशी कुणी वळलं की प्रशांत उभा राहायचा. भंगारवाला आला, शाळेची पोरं आली, एक गाय आली. ती बाई काही आली नाही.

शेवटी मी मुलचेऱ्याला फोन लावला. आम्ही बाहेर गेलो की शेजारच्या मीनादी आईंजवळ बसतात. त्या तिथल्या बंगाली वस्तीतल्या. मी विचारलं, "आई काय करतायत?"

"बसल्यात," मीनादी म्हणाल्या. "आज तर झोपल्याच नाही, काय झालं माहीत नाही. रोज कशा गाढ झोपतात, हाक मारली तरी उठत नाहीत. आज नुसत्या बसून आहेत. म्हणतात झोपच येत नाही."

मी फोन ठेवला आणि प्रशांतला सांगितलं. तो उठून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "हे घर नको आपल्याले."

आमचं तिथेच, ओट्यावरच वाजलं. तो म्हणत होता, ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही तिथे पोरीला कशाला न्यायचं? माझं म्हणणं उलट होतं. जी कुणी आली होती, तिने माझ्या मनातला प्रत्येक प्रश्न माझ्याआधी विचारून ठेवला होता. पाणी, रस्ता, शाळा, कुत्री. आणि तिला उत्तरं पटली होती. वाईट करायला आलेलं कुणी कुत्र्यांची चौकशी करत बसेल का?

घर घेतलं.

आईंना मी यातलं काहीच सांगितलं नाही. मला बघायचं होतं. "फक्त घर बघून या, नाही आवडलं तर प्रशांत परत आणून सोडेल" असं म्हणून गाडीत बसवलं. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, वॉकर उघडला, आई उतरल्या... आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.

काहीच नाही. चेहरा पूर्ण कोरा. नव्या गावात आलेलं माणूस जसं भांबावून बघतं, तसंच त्या बघत होत्या. पण ओट्यावरच्या बाया उठल्याच.

"आल्या का आजी! किती दिवस झाले, दिसल्याच नाई!"

"या नं, तुमची जागा रिकामीच हाय."

आईंनी माझा हात घट्ट धरला. "वैशाली, ह्या बाया मले काऊन ओळखतेत?"

"फोटो दाखवला होता मी," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

तेवढ्यात गजूभाऊ दुकानातून बाहेर आले. "हे वॉकर कायले आजी? चांगल्या तर चालत होत्या!"

आई लाजल्या. खरंच लाजल्या, एखाद्या मुलीसारख्या. "पडली होती मी, भाऊ," एवढंच म्हणाल्या. पण गाडीपासून ओट्यापर्यंत वॉकर त्यांनी उचलून उचलून नेला, फक्त टेकवल्यासारखं करत. त्या दिवशी परत जायचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही.

पुढे काय झालं ते हळूहळू झालं. आधी ओट्यापर्यंत वॉकर, मग काठी. काठी घेतली की कुणीतरी म्हणायचंच, "आजी, काठी कायले?" थंडी सुरू झाली तेव्हा त्या काठी दाराशी ठेवून ओवीला शाळेतून आणायला जाऊ लागल्या. आणि ती दुसरी बाई? आम्ही राहायला आल्यापासून ती कुणालाच दिसलेली नाही. दुपारची झोप मात्र आईंना लागते — अगदी साधी. हाक मारली की उठतात.

मी पुष्कळ विचार केला आहे. आईंसारखी दिसणारी दुसरी बाई? असेल. पण तिची नातही चिमी, तीही कुत्र्यांना भिणारी? प्रशांतचा एक मित्र म्हणतो, फोटो बघितल्यावर लोक मागाहून आठवणी जुळवतात. मग गजूभाऊंना "चिमी" कुणी सांगितलं? मी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनाही विचारून बघितलं. त्यांनी मलाच रजा घ्यायचा सल्ला दिला.

परवा न राहवून मी आईंना सगळं सांगून टाकलं. आम्ही दोघी पावट्याच्या शेंगा निवडत होतो. मला वाटलं घाबरतील, देवाचं काहीतरी करायला लावतील. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी एकच विचारलं.

"ती चांगली चालत होती का?"

"हो," मी म्हटलं. "काठीशिवाय."

"लंगडत नव्हती?"

"ते मी विचारलं नाही."

"काऊन नाई विचारलं?" आई म्हणाल्या. शेंगांची परडी त्यांनी माझ्याकडे सरकवली, भिंतीला हात लावून उठल्या, चपला घातल्या. मी म्हटलं, "कुठे निघालात?"

"पद्माबाईले विचारून येतो," म्हणाल्या, आणि वरच्या मजल्याचा जिना चढायला लागल्या.